पाडव्याचं मीठ

सरकारी कागदावर माझं पद ‘व्रणोपचारक’ असं होतं. हा शब्द एका दमात बरोबर म्हणणारी माणसं मला सगळ्या नोकरीत तीनच भेटली, आणि त्यातला एक आमच्या दवाखान्याचा बोर्ड रंगवणारा पेंटर होता. बाकी सगळ्यांसाठी मी कंपाउंडर. उल्हासनगरात ‘कंपाउंडर साब’, बदलापूरच्या आसपासच्या गावांत ‘ढोरांचा कंपाउंडर’, आणि डॉक्टर रजेवर असले की थेट ‘डॉक्टर’. मी कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही. व्रण म्हणजे जखम, उपचारक म्हणजे पट्टी बांधणारा, एवढं समजावून सांगेपर्यंत जखम वाळून जायची.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेमकं काय चालतं, असं मला शहरातली माणसं विचारतात. डॉक्टर तपासतात, औषध ठरवतात, सुई देतात. पण चारशे किलोच्या बैलाला सुई द्यायची, तर आधी कुणीतरी त्या बैलाला ‘जरा शांत उभे राहा’ हे पटवून द्यावं लागतं. ते माझं काम. दोर कुठे बांधायचा, पाय कसा उचलायचा, लाथ कुठवर पोचते आणि आपण कुठे उभं राहायचं. म्हैस मागे लाथ मारते हे सगळ्यांना माहीत असतं. गाय पाय पुढून फिरवून बाजूला मारते, हे मला माझ्या डाव्या गुडघ्याने शिकवलं. तो अजून थंडीत आठवण काढतो.

घरी ही नोकरी कुणाला रुचली नव्हती. आजोबांच्या वाट्याला गावचं मेलेलं ढोर ओढायचं काम होतं. छप्पन सालानंतर आमच्या घराने धम्म घेतला, आणि वडलांनी ते काम आणि ते गाव दोन्ही एकदमच सोडलं. अंबरनाथला कारखान्यात लागले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. माझ्या हातात नेमणुकीचा कागद पाहून अण्णा म्हणाले, “ढोरांच्या मागून सुटायला आपल्याला पिढ्या गेल्या. आणि तू शिकून सवरून, साहेबाचा शिक्का घेऊन परत तिथंच?”

मी म्हणालो, “अण्णा, ती मेलेली होती. ही जिवंत आहेत.”

पुढे मात्र अण्णा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगताना ‘मुलगा जनावरांच्या हॉस्पिटलात आहे’ असं म्हणायचे. दवाखाना म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. आमच्या त्या हॉस्पिटलात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फ्रीज होता, आणि फ्रीजचं दार बंद राहावं म्हणून त्याला वीट लावलेली असायची.

सुरुवातीची काही वर्षं, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मी उल्हासनगरला होतो. तिथे तबेल्यांतल्या म्हशी यायच्या, टांग्याचे घोडे यायचे आणि सिंधी घरांतली लाडावलेली कुत्री यायची. त्यातलं एक पांढरं, केसाळ पॉमेरियन माझा खरा गुरू. त्याला घेऊन एका कापड दुकानदाराचं अख्खं कुटुंब आलं. शेटजी, शेटाणी, दोन मुलगे, दोन सुना आणि म्हातारी दादी. कुत्रं फुग्यासारखं फुगलेलं, आणि शेटजींच्या डोळ्यांत पाणी.

“साईं, तीन दिन से कुछ नहीं खाता,” शेटजी म्हणाले.

“किसी ने कुछ दिया है?”

“कसम से, एक निवाला नहीं. पूछो सबको.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी एक युक्ती केली. एकेकाला बाजूला घेऊन म्हणालो, मला सांगा, घरात कुणाला कळणार नाही. शेटाणीने कोकी म्हणजे जाड सिंधी रोटी, तूप लावून दिली होती. मोठ्या सुनेने बिस्किटं, धाकटीने दूध, मुलांनी खारे शेंगदाणे. खुद्द शेटजींनी रोज सकाळी दालपकवानातलं पकवान. आणि दादीने पदराआडून लोला, म्हणजे गुळाची गोड जाड पोळी, दिला होता. “बिचारे को कोई पूछता ही नहीं,” दादी माझ्या कानात म्हणाली. सात माणसांनी ‘एकच घास’ दिलेला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे सहा निर्दयी आहेत. डॉक्टरांनी दोन दिवस उपास सांगितला. कुत्रं बरं झालं. म्हातारीने मला पापडांचं पुडकं पाठवलं.

जनावर बोलत नाही, म्हणून तुमचं काम अवघड, असं लोक म्हणतात. अडचण निराळीच असते. जनावराच्या वतीने मालक बोलतो, आणि तो प्रेमाने खोटं बोलतो. तेव्हापासून मी जनावराला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारायला लागलो. काय दिलं? कुणी दिलं?

त्यानंतर माझी बदली बदलापूरला झाली आणि मी कात्रपला राहायला आलो. इथे कुत्री कमी आणि बैल जास्त. बारवी धरणाच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी होती, पंचवीस-तीस उंबऱ्यांची. भाताची शेती, उरलेल्या दिवसांत जंगल नाहीतर मजुरी. उन्हाळ्याच्या शेवटी घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांच्या लशी टोचायला आम्ही वाडीवाडीत शिबिर घ्यायचो. हे दोन्ही रोग असे, की सकाळी चरायला गेलेलं जनावर दुसऱ्या दिवशी उठत नाही. आणि शेतीच्या तोंडावर बैल गेला की त्या घराचं वर्ष गेलं. तरी त्या वाडीत पहिली दोन वर्षं एक शेपूटही पुढे आलं नाही. सुईने बैल नामर्द होतो, गाय आटते, असं कुणीतरी पसरवलेलं. तिसऱ्या वर्षी एकच जोडी आली. ती चांगुणाबाईची.

चांगुणाबाई साठीच्या पुढची, काटक, तोंडाने फटकळ. नवरा बुधाजी मुलखाचा शांत, कारण घरातलं बोलायचं काम बायकोने उचललेलं. बैल दोन. एक बाळ्या, आणि दुसरा मुकादम. दुसऱ्याला मुकादम का म्हणायचे, ते जोडी जुंपलेली पाहिली की कळायचं. ओढायचा बाळ्या, मुकादम नुसता मान वर करून काम नीट चाललंय की नाही ते पाहायचा.

“माझ्या बैलांना काय झालं तर तुला हितंच नांगराला जुंपीन, दादा,” चांगुणाबाई त्या दिवशी म्हणाली होती. बैलांना काही झालं नाही. पुढच्या वर्षी वाडीतली सगळी गुरं आली. मला इतका आनंद झाला, की मी त्या वाडीचा स्वयंघोषित सल्लागारच बनलो. गोठा असा बांधा, वासराला चीक लगेच पाजा, मी सांगायचो आणि ते ऐकायचे. माणसाला आपलं ऐकलं जातंय याची चटक लागते, तशी मलाही लागली.

त्याच सुमारास चांगुणाबाईने विचारलं, “दादा, ह्यो मुकादम भिंत चाटतो. सारवलेली माती खातो. याला काय लागीर?”

“लागीर नाही, बाई. अंगात क्षार कमी पडतात. रोज कोंड्यात मूठभर मीठ घाल.”

सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन. फक्त आज मी त्यापुढे आणखी एक वाक्य बोलेन. ते मी त्या दिवशी बोललो नाही.

आता आमच्या डॉक्टरांबद्दल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दवाखान्यात डॉ. सबनीस नावाच्या मॅडम आल्या. वय जेमतेम सव्वीस, चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड पुस्तक. गाय अडली तरी आधी पुस्तक उघडतील, असं मी चहाच्या टपरीवर बोललो होतो आणि लोक हसले होते. ते त्यांच्या कानावर गेलं असणार. त्यांनी कधी दाखवलं मात्र नाही. मला त्या कायम ‘गायकवाडमामा’ म्हणायच्या. मी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, त्यामुळे तो सूडही असू शकेल.

दिवाळीचा पाडवा होता. आमच्याकडच्या गावांत पाडव्याला गुरांचा मोठा मान. सकाळी बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर गेरूचे पंजे उमटवतात, गोडाधोडाचं खायला घालतात आणि वेशीवर पेंढा पेटवून त्या जाळावरून एकेक जोडी उडवतात. इडापिडा टळावी म्हणून. मी घरी शेव-चिवड्याची बशी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात दारात राजदूत मोटरसायकल थांबली. चांगुणाबाईचा जावई, नामदेव. दूधवाल्याची गाडी मागून आणलेली, दुधाचे रिकामे कॅन तसेच मागे लटकत होते.

“दादा, चला. मुकादम जाळावरून उडालाच नाय. तिथंच बसला. बाळ्याबी झोकांड्या खातोय. शेळी तर मेलीसुद्धा.”

बशी खाली ठेवली. मॅडम स्टेशनपलीकडे राहायच्या. त्यांना वाटेत घेतलं. एका राजदूतवर आम्ही तिघं, दोन कॅन आणि औषधांची पेटी. मॅडमच्या अंगावर सणाची साडी होती. ती खोचून, पुस्तकाची पिशवी खांद्याला अडकवून त्या बसल्या.

वेशीवर पेंढ्याची राख अजून धुमसत होती. तिथून पन्नास पावलांवर मुकादम आडवा. शिंगांना लाल रंग, पाठीवर गेरूचे पंजे, गळ्यात झेंडूची माळ, आणि नाकपुड्या भात्यासारख्या चाललेल्या. बाळ्या चारी पाय फाकवून उभा, तोंडातून लाळेची तार. बाजूला शेळी मरून पडलेली. सगळी वाडी गोल करून उभी. एका बाजूला भगत तांदूळ घेऊन बसला होता.

मला आधी फुरशाचा संशय आला. पण फुरसं एकाच वेळी दोन बैल आणि एक शेळी कशाला चावेल? मी मुकादमाचा ओठ उलटा केला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात. त्या चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “मामा, थोडं रक्त काढा.” कानाच्या शिरेला सुई लावली. सिरिंजमध्ये आलं ते पाहून माझा हात थांबला. इतकी वर्षं रक्त पाहत होतो. रक्त लाल असतं, फार तर काळपट. हे काकवीसारखं तपकिरी होतं.

मी माझे दोन प्रश्न विचारले. “काय दिलं, बाई? कुणी दिलं?”

“मीच दिला,” चांगुणाबाई म्हणाली. “सणाचा कोंडा, गूळ आन् मीठ.” आणि मग सरळ माझ्याकडे बघून, “तूच सांगितलंस ना, मीठ घाल म्हणून?”

“मीठ कुठलं?”

तिने घरातून एक पोतं आणलं. पांढरं, विणलेल्या प्लास्टिकचं, आतून कागदी अस्तर. अशी पोती तेव्हा घरोघरी असायची. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत ठेक्यावर कामाला जाणारी माणसं रिकामी पोती घरी आणत. पावसात डोक्यावर खोळ, उन्हात अंगणात अंथरायला, घरात धान्य भरायला. इतकी मजबूत वस्तू फेकायची कोण? नामदेवही आणायचा. चांगुणाबाईने त्यात कोंडा भरला होता. कोंडा संपत आला तेव्हा तळाशी पांढऱ्या खड्यांचा ओंजळभर थर दिसला. बोटाला लावून जिभेवर ठेवला तर खारट. कारखान्याचं का होईना, मीठच. पाडव्याच्या घाईत तिने तो थर फोडून दोन्ही बैलांच्या घमेल्यांत घातला. उरलेलं शेळीने चाटलं.

पोत्यावर इंग्रजी अक्षरं होती. मी मोठ्याने वाचलं, “सोडियम...” आणि क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मीठ म्हणजे सोडियमच, एवढं मला ठाऊक होतं. मॅडमनी पोतं माझ्या हातातून घेतलं आणि पुढचा शब्द वाचला. नायट्राइट. रंगाच्या कारखान्यात लागतं ते.

त्यांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर चांगुणाबाईचे हात धरून नखं पाहिली, ओठ पाहिले. “मावशी, तुम्ही किती खाल्लंत? चक्कर येते का?” म्हातारी ठणठणीत होती, नुसती घाबरलेली. मग मॅडम मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “मामा, या विषाने रक्त प्राणवायू धरत नाही. श्वास चाललाय, पण आतून गुदमरताहेत. मिथिलीन ब्लू शिरेतून दिलं तर वाचतील. ते आपल्याकडे नाही. आणि खरं सांगते, हे मी पुस्तकात वाचलंय. केलेलं नाही.”

“किती वेळ आहे?”

“मुकादमाचा? एक तास. कदाचित तेवढाही नाही.”

सणाच्या दिवशी, सगळ्या वाडीसमोर, माझ्या शब्दावर विसंबून दिलेल्या घासाने बैल मरत होते. चांगुणाबाईची शेती तर जाणार होतीच. पण त्या वाडीत पुन्हा कुणी जनावर सुईसमोर आणणार नव्हतं, आणि पुढचा घटसर्प येऊन निम्मी वाडी रिकामी करून जाणार होता. चार वर्षांची मेहनत एका घमेल्यात कालवली गेली होती. भगताने माझ्याकडे पाहिलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मिथिलीन ब्लू हे नाव मी ऐकलं होतं. बदलापुरातच बेलवलीत शेट्ये नावाच्या माझ्या ओळखीच्या माणसाची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. काचपट्टीवरचे जंतू दिसावेत म्हणून ते हाच निळा रंग टाकायचे. नामदेवला म्हटलं, “मार किक.” वाटेत तो मागे न बघता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. “दादा, माझ्यामुळं झालं का?” मी म्हणालो, “आपण दोघं वाटून घेऊ. आधी गाडी चालव.”

शेट्ये लॅबच्या वरच राहायचे. दार उघडंच होतं. ते पाटावर बसलेले, कपाळाला कुंकू, समोर बायको ओवाळणीचं ताट घेऊन.

“मिथिलीन ब्लूची पावडर हवी. आत्ता,” मी धापा टाकत म्हणालो.

“कुणाला?”

“बैलाला.”

“अहो, ते काचेवर टाकायचं असतं,” शेट्ये म्हणाले. “बैलात घालायचं नाही. काही झालं तर माझं नाव...”

“बैल मरतोय, शेट्ये. यापुढे त्याला आणखी काय व्हायचं राहिलंय?”

ते ताटाकडे पाहू लागले. त्यांच्या बायकोने निरांजन बाजूला ठेवलं. “जा आधी,” त्या म्हणाल्या. “ओवाळणी कुठे पळून जात नाही. बैल जाईल.”

शेट्ये कुंकवासकट खाली आले. पावडरची अर्धी बाटली, डिस्टिल्ड वॉटरचा डबा, वजनाचा काटा आणि गाळण कागद, सगळं एका पिशवीत भरलं. आणि मी नको म्हणत असताना स्वतः मागे बसले. “मोजायला चुकलात तर?” असं काहीतरी म्हणाले. एकाच राजदूतने त्या दिवशी इतकी माणसं वाहिली, की दूधवाल्याला नंतर खरं सांगायची आमची छाती झाली नाही.

वाडीत पोचलो तेव्हा मुकादमाचे डोळे वर गेले होते. मॅडम त्याच्या डोक्याशी बसून होत्या, साडी शेणामातीने भरलेली. शेट्येंनी काटा अंगणातल्या जात्यावर ठेवून पावडर तोलली. पाण्यात पडताच ते पाणी असं गडद निळं झालं, की बायका मागे सरकल्या. मॅडमनी पुस्तक उघडलं, वजनाचा आकडा बोट ठेवून दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, “मामा, शीर.”

एवढंच माझं काम. पण ते मी आयुष्यात इतकं मन लावून कधी केलं नसेल. मुकादमाच्या मानेला दोर आवळला, अंगठ्याने शीर दाबली, ती करंगळीएवढी फुगली. मॅडमची सुई पहिल्याच झटक्यात आत गेली. निळं औषध थेंबथेंब जाऊ लागलं. वाडीत एवढी शांतता, की जात्याजवळ शेट्ये पुटपुटत मिनिटं मोजत होते ते ऐकू येत होतं.

पाच मिनिटं काही नाही. सात मिनिटं. मी ओठ उलटा करून पाहत होतो. चोथ्याचा रंग. मग फिकट चोथ्याचा. मला वाटलं, मला तसं दिसावं म्हणून दिसतंय. मी बुधाजीला म्हटलं, “तू बघ.” बुधाजी वाकला. सगळ्या जन्मात मी त्या माणसाला स्वतःहून बोलताना ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, “लाल होतोय.”

त्यानंतर बाळ्याला दिलं. तो उभाच होता, त्याला सोपं गेलं. अर्ध्या तासाने मुकादमाने मान उचलली, आजूबाजूला बघितलं, कोण काम करतंय आणि कोण नाही याची नोंद घेतली, आणि पुढचे पाय दुमडून उठला. उठल्यावर त्याने काय करावं? भर सभेत मुतला. आणि ते निघालं हिरवंनिळं, मोरपिसाच्या रंगाचं. औषध असंच बाहेर पडतं, हे मॅडमना माहीत होतं. वाडीला नव्हतं.

“आई गं! कारखाना मुतला!” कुणीतरी ओरडलं, आणि जे हसू फुटलं ते फुटलंच. भगत हसला, शेट्ये चष्मा काढून हसले, मॅडम शेणाच्या हातांनी डोळे पुसत हसल्या. मी मात्र रडलो. लाज वाटायचं कारण नव्हतं, तरी बाळ्याच्या पोटामागे जाऊन रडलो. इतकी सुटका मला पुढे निवृत्तीच्या दिवशीही वाटली नाही.

शेळी वाचली नाही. तिचं मटण कुणी खाऊ नये म्हणून मॅडमनी ती खोल पुरायला सांगितली. बुधाजीने खड्डा खणला. वाडीतली तसली सगळी पोती गोळा करून आम्ही बाजूला काढायला लावली. निघताना मी मॅडमना म्हणालो, “टपरीवर मी तुमच्या पुस्तकावर बोललो होतो.” त्या म्हणाल्या, “माहितीये, मामा. शीर छान धरलीत.”

पण माझं ओझं पुरतं उतरलं नव्हतं. त्या हिवाळ्यात बाजारात मला वाडीची माणसं भेटायची आणि दोन शब्द कमी बोलायची. कंपाउंडरच्या सांगण्यावरून मीठ घातलं आणि बैल मरता मरता वाचले, एवढीच गोष्ट पसरली होती. खोटं काय होतं त्यात? कारखान्याची पोती मी घराघरात पाहत होतो. मी त्यांच्यावर बसून चहा प्यायलो होतो. मीठ घाल म्हणताना ‘दुकानातलं’ एवढं म्हणायला माझी जीभ झिजली नसती.

मे महिन्यात लशींचं शिबिर लागलं. मी आणि मॅडम बर्फाचा डबा घेऊन सकाळीच वाडीवर पोचलो. पिंपळाखाली टेबल मांडलं. आठ वाजले, नऊ वाजले. गुरं दावणीला दिसत होती, माणसं ओट्यावर बसलेली दिसत होती, पण कुणी हललं नाही. शेवटी मी टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हणालो, चूक माझी होती. मीठ द्या म्हणालो, कुठलं ते बोललो नाही. पण या सुईत चूक नाही. ही नाही टोचली तर पुढच्या पंधरा दिवसांत कुणाचा बैल जाईल, मला माहीत नाही. मला माफ नाही केलंत तरी चालेल, गुरं आणा.

कुणी उठलं नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं.

तेवढ्यात खालच्या अंगाने घुंगरांचा आवाज आला. चांगुणाबाई मुकादमाचा कासरा ओढत येत होती. मुकादम नेहमीसारखा मान वर करून, जणू शिबिर त्यानेच भरवलंय. ती टेबलाशी येऊन थांबली, पण कासरा तिने हातातच ठेवला.

“टोच,” ती म्हणाली. “पन आदी बाटली दाव.”

मी बाटली दिली. चांगुणाबाईला अक्षर येत नव्हतं. तिने बाटली उन्हात धरली, इकडून तिकडून फिरवली, हलवून पाहिली, आणि मग बाटलीवरून नजर काढून बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओट्यावरची माणसं उभी राहिली होती. तिने बाटली मला परत दिली, आणि दुसऱ्या हाताने कासरा.